उजव्या कानातलं कुंडल

४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा पत्ता जिन्याखालच्या काकूंकडून काढला. सहजासहजी दिला नाही त्यांनी. "कुणाला देऊ नका म्हणालाय तो," म्हणाल्या. मी म्हटलं, मी काय 'कुणी' आहे का, सख्खी बहीण आहे. तर म्हणाल्या, "म्हणूनच." सहा वर्षं तू त्यांना नेमानं पत्रं पाठवतोस आणि त्यांच्याच डोक्यावर राहणाऱ्या बापाला एक ओळ नाही, हे मला त्या दिवशी कळलं. असो. भांडायला लिहीत नाहीये.

बाबा बरे आहेत. अठ्ठ्याहत्तरावं लागलं. हात थरथरतात, अर्धा चहा बशीत सांडतो आणि मग ते तो बशीतूनच पितात. दुपारी जुन्या शेडवर जाऊन बसतात. शेड आता भट्टीवाले मामाच सांभाळतात, कड्या आणि घंटा ओततात. बाबा तिथे नुसत्या गप्पा मारतात, असं बाबा सांगतात.

तू नळाच्या तोट्यांच्या कारखान्यात ओतकाम करतोस म्हणे. ज्या हातानं देव ओतले त्या हातानं तोट्या. माझी काही तक्रार नाही, लोकांना पाणीही लागतंच. पण तोट्याच ना? म्हणजे त्याखेरीज आणखी काही हातून होतं का? सहज विचारते.

आमच्या संग्रहालयात एक शिव आलाय, विकत घ्यायचा की नाही ते ठरायचंय. हातभर उंच, कांस्याचा, उभा. आठशे वर्षांचा आहे असं आणणाऱ्याचं म्हणणं. मागच्या उजव्या हातात परशू, मागच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर हरीण. हरणाचा अर्थ शाळेतल्या मास्तरांनी सांगितला होता तो तुला आठवत असेल. हरीण म्हणजे मन, सारखं पळू बघणारं. देवानं ते मारलं नाही, बांधलंही नाही, नुसतं बोटांवर धरलंय. ह्या मूर्तीतलं हरीण मान वळवून देवाकडे बघतंय. इतकं सुरेख केलंय की मी पहिल्या दिवशी दहा मिनिटं त्याच्यासमोर उभी होते. देवाचा पुढचा हात 'भिऊ नकोस' सांगत होता आणि मला घाम फुटला होता.

मूर्ती आणणारे गृहस्थ उंच, गोरे, गोडबोले आहेत. दर दोन मिनिटांनी खिशातून रुमाल काढून बोटं पुसतात. ऑफिसात सगळे त्यांना रुमालवाले म्हणतात. त्यांना तू ओळखतोस का? हो की नाही एवढंच कळव.

ताई

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. "ताई, मी तोट्याच ओततो. बाबांना जप." झालं. सहा वर्षांनी बहिणीला सहा शब्द. इतकं मोजूनमापून माणूस एकतर तारेत लिहितो नाहीतर पोलीस चौकीत. आणि रुमालवाल्यांबद्दल हो नाही, की नाही नाही. म्हटलं ना एवढंच कळव? नेमकं तेवढंच गाळलंस.

ठीक आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. ती मूर्ती आपल्या घरची आहे असा मला संशय आहे, आणि ती तू केलीस असाही.

मी काय पाहिलं ते सांगते, म्हणजे मी उगाच भुई धोपटत नाहीये हे तुला कळेल. मूर्तीवर हिरवा थर आहे. लाकडी काडीनं पायाशी जरासं खरवडलं तर पावडर होऊन पडला. शेकडो वर्षांचा हिरवा थर असा सुटत नाही, तो धातूत मुरलेला असतो. मग झीज. खूप वर्षं पूजेत असलेल्या मूर्तीला रोज हात लागतो, पाणी लागतं, पुसलं जातं. नाक, गाल, पावलं गुळगुळीत होतात, तशीच पाठही होते, कारण पुजारी काय फक्त पुढून आंघोळ घालतो? ह्या देवाचं नाक झिजलंय, पावलं झिजली आहेत, आणि पाठीवरचं जानवं मात्र काल कोरल्यासारखं करकरीत आहे. बघणारा उभा राहील त्याच बाजूची झीज. मी हे साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

पण हे सगळं कुठलाही लबाड ओतारी करू शकतो. मला घाम फुटला तो कानांमुळे.

शिवाच्या दोन कानांत दोन निरनिराळी कुंडलं असतात. उजव्या कानात मगरीच्या तोंडाचं, पुरुषाचं. डाव्या कानात गोल चकतीचं, बाईचं. कारण त्याची डावी बाजू देवीची. एकाच अंगात दोघं राहतात हे सांगायला मूर्तिकाराला एवढं कुंडल पुरतं. ह्या मूर्तीत ती उलटी आहेत. बाईचं उजव्या कानात, पुरुषाचं डाव्या.

रुमालवाले ह्याचंच भांडवल करतात. "एकमेव नमुना," म्हणतात आणि बोटं पुसतात. आमचे साहेब तर हरखून गेलेत. त्यांनी त्यावर लेख लिहायला घेतलाय, शिल्पकारानं मुद्दाम उलटापालट करून काय गूढ सांगितलं असेल वगैरे. "जगात अशी दुसरी नाही," असं मला म्हणाले. मी मान हलवली. आपल्या शेडमधून अशा नऊ गेल्या, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

वही तुला माहीत आहे. तरी लिहिते. मी अकरा वर्षांची होते. तोवर बाबा शिवाच्या दोन्ही कानांत सारखीच कुंडलं करायचे, आजोबांकडून तसंच आलं होतं. मास्तर एक जुनं चित्रांचं पुस्तक घेऊन आले आणि म्हणाले, कुंडलं वेगवेगळी हवीत. बाबांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी चित्र समोर ठेवून त्यांच्यासाठी वहीत लिहून काढलं. तेव्हापासून बाबा वहीप्रमाणे करत आले, ओतण्याआधी मेणाची मूर्ती घडवताना मला वाचायला लावायचे, आणि आल्यागेल्याला सांगायचे की आमच्या घरात शास्त्र पोरीला कळतं. त्या वहीत कुंडलं अशीच आहेत.

म्हणजे ही मूर्ती मी अकरा वर्षांची झाल्यानंतर आणि आपल्याच घरच्या माणसानं केली. बाबांचे हात चालत नाहीत. भट्टीवाले मामांना देव घडवता येत नाही, त्यांच्या हातून घंटासुद्धा वाकडी होते. उरलं कोण?

अठ्ठावीस तारखेला समितीची बैठक आहे. मूर्ती खरी की खोटी ह्यावर माझी सही लागते. खोटी म्हटलं की कुणी केली ते विचारतील, पोलीस येतील. खरी म्हटलं तर माझ्या सहीनं एक लबाडी काचेच्या कपाटात जाऊन बसेल. तुझं नाव लिहायला माझा हात धजणार नाही असं समजू नकोस. माझी बावीस वर्षांची नोकरी आहे.

सरळ उत्तर पाठव. सहा शब्दांत नको.

ताई

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

चार पानं. एवढी चीड तुझ्यात साठलेली असेल असं वाटलं नव्हतं. पहिली दोन पानं मी वाचली आणि बाजूला ठेवली, ती माझ्याबद्दल आहेत. तिसरं पान पाच वेळा वाचलं.

तू लिहितोस: "ताई, चोर शोधताना तू अक्कल कुठे गहाण ठेवलीस? वही चुकीची आहे हे त्या घरात पहिल्यांदा कुणी म्हटलं? मी. डावी बाजू देवीची, तर बाईचं कुंडल उजव्या कानात कसं, हे बाबांना कुणी विचारलं? मी. मी मेणात बरोबर कुंडलं घातली म्हणून बाबांनी ते मेण माझ्यासमोर पातेल्यात टाकून वितळवलं. ज्या चुकीपायी मी घर सोडलं ती चूक मी आठशे वर्षं जुनी करून विकेन का? वहीप्रमाणे कुंडलं घालणारा त्या घरात एकच माणूस होता. आणि रुमालवाल्यांना मी ओळखतो. मी असताना दोनदा आले होते. मी त्यांना जिन्यावरूनच परत पाठवलं होतं."

पुढे तू विचारलंयस, "बाबांनी त्या दिवशी तुला विचारलं होतं, वही बरोबर की चूक. तू काय म्हणालीस ते आठवतं का?" मला नीट आठवत नाही. त्या दिवशी आरडाओरडाच फार झाला होता.

तुझं पत्र आल्यापासून मी घरात चोरासारखी वावरते. बाबांवर नजर ठेवते, असं लिहितानाही लाज वाटते. पण ठेवते. सोमवारी चहा घेताना त्यांचा हात थरथरला, बशीत सांडला, नेहमीसारखं. मग मी चप्पल घातली, दार लावल्याचा आवाज केला, आणि आतच थांबले. बाबांनी माझ्या शिवणाच्या डब्यातून सुई घेतली आणि शर्टाचं बटण लावायला बसले. दोरा एका फटक्यात ओवला. चष्मासुद्धा कपाळावर होता.

मंगळवारी त्यांच्या शर्टाच्या बाहीवर मेणाचा थेंब होता. विचारलं, तर म्हणाले मामांनी मेणबत्ती लावली होती. भर दुपारी.

काल काकूंना गाठलं. आमच्याकडे दुपारी कुणी येतं का? "येतात की," म्हणाल्या. "ते उंच गृहस्थ. जिना चढताना कठड्याला हात लावतात आणि लगेच पुसतात. मला वाटलं तुझ्याच ऑफिसचे. बाबांना ओतारीकाका म्हणून हाक मारतात, किती आदबीनं." कधीपासून? "झाली की दोन वर्षं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी तुझ्या कारखान्यापर्यंत पोचले आणि लबाडी माझ्याच स्वयंपाकघरात बटणं लावत बसली होती.

पण का? पैशांची त्यांना कधी हाव नव्हती. फसवणूक तर त्यांना खपायचीच नाही, घंटेत धातू कमी घातला म्हणून त्यांनी मामांशी महिनाभर अबोला धरला होता. हे माझ्या डोक्यात बसत नाही. कुणी धाक घातला असेल का? तुला काही माहीत असेल तर लपवू नकोस. मला आता कुणाचाच भरवसा वाटत नाही, तुझ्या चार पानांचाही पुरता नाही.

ताई

२५ फेब्रुवारी

धाकट्या,

विचारलं. काल सकाळी, सुट्टी होती म्हणून.

मूर्तीचा फोटो बाबांसमोर ठेवला आणि म्हटलं, "हा ओळखता का?" मला वाटलं होतं ते चपापतील. त्यांनी चष्मा नाकावर घेतला, फोटो उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "फोटो डावीकडून काढायला हवा होता. हरीण नीट दिसलं असतं."

मी म्हटलं, "आठशे वर्षांची म्हणून आणलीय."

"ते त्यांचं. हिरवं मी नाही केलं. खारट मातीत पुरून ठेवली त्यांनी सहा महिने. नाक घासलं तेही त्यांनीच. मला बघवलं नाही, मी पाठ करून बसलो होतो."

"पण तुम्हाला माहीत होतं."

"होतं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"आणि हात?"

"हात तुझ्यासमोर थरथरतात, मी तिथे काम करत नाही असं तुला वाटावं म्हणून. नाहीतर ह्या वयात भट्टीपाशी जाऊ दिलं असतंस?"

मग मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. माझी नोकरी, माझी सही, घराण्याची अब्रू, सगळं काढलं. त्यांनी ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाले, "तू मला तुझं संग्रहालय दाखवायला नेलं होतंस. तुझी आई गेली त्या वर्षी. आठवतं? एकेका मूर्तीपाशी थांबून तू मला वाचून दाखवत होतीस. खाली तुझ्या अक्षरात पाटी. कारागीर अज्ञात. पुढची, कारागीर अज्ञात. मी म्हटलं, ही सगळी माझीच माणसं. मेण माझ्यासारखंच दाबलंय, एकाचा तर अंगठ्याचा ठसा राहिलाय काखेत, तुम्हाला कुणाला दिसलाही नाही. त्यांच्या रांगेत उभं राहायचं होतं मला. नाव नको होतं. नाव त्यांचंही नाही."

मी म्हटलं, नवी म्हणून आणायची होती.

"नवी म्हणून घेतली असतीत?"

मी खोटं बोलू शकले नाही. नसती घेतली. नव्या मूर्तीसाठी आमच्याकडे प्रवेशद्वाराशी दुकान आहे, तिथे चाव्यांच्या साखळ्यांशेजारी ठेवतात.

"मग?" म्हणाले. "रुमालवाले म्हणाले, तुमच्या मुलीच्याच हाताखालून जाईल. मला वाटलं, तू बघशील, तुला आवडेल, तू पाटी लिहिशील. एवढंच वाटलं."

मला राग यायला हवा होता, आणि मला रडू आलं. त्या मूर्तीसमोर मी दहा मिनिटं उभी होते, हे त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मी मान फिरवली.

निघता निघता विचारलं, "कुंडलं उलटी का घातलीत?"

"उलटी कुठे? तुझ्या वहीप्रमाणे आहेत," म्हणाले. वही आणून दाखवली. तेलाचे डाग पडलेत, कडा जळल्यात, तरी जपून ठेवलीय. "धाकटा उगाच वाद घालायचा. पण तुझ्या वहीत चूक कशी असेल?"

मी उठून आत गेले. बैठकीला तीन दिवस उरलेत. बाबांचं नाव लिहू की सही करून मोकळी होऊ, की आजारी पडू? तू काय केलं असतंस?

ताई

२ मार्च

धाकट्या,

तुझं तातडीचं पत्र बैठकीच्या आदल्या दिवशी मिळालं. "माझं नाव घाल. मी लांब आहे, सांभाळून घेईन. बाबांना ह्या वयात कुणी चौकशीला बसवू नये. तोट्या ओतायला कुणी चारित्र्याचा दाखला मागत नाही." मी ते पत्र साडीच्या घडीत ठेवलं आणि बैठकीला गेले. तुला वाटेल बहिणीनं ऐकलं. ऐकलं नाही.

साहेबांनी आधी अर्धा तास कुंडलांवर भाषण केलं. सात जण माना डोलावत होते. रुमालवाले कोपऱ्यात बसून बोटं पुसत होते. माझी पाळी आली तेव्हा मी झीज आणि थर सांगितला. साहेब म्हणाले, "ते एक वेळ मान्य. पण अशी कुंडलं घालायचं नकली कारागिराला सुचेल कसं? ही चूक कुणी उगाच करत नाही." मी म्हटलं, "ही चूक माझी आहे." आणि सांगितलं. मूर्ती माझ्या वडिलांनी दीड वर्षामागे घडवली, कुंडलं माझ्या वहीवरून घातली. मी लहानपणी चित्रासमोर बसून लिहिलं, आणि माझ्या उजव्या हाताला दिसलं ते देवाचं उजवं समजले.

त्यांनी विचारलं, "हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

इथे मी 'आत्ता' म्हणू शकले असते. कुणी ताडून बघणार नव्हतं. पण ह्या सगळ्याच्या मुळाशी माझंच एक खोटं होतं, आणि मला आणखी खोटं बोलवेना. मी म्हटलं, "नोकरीच्या पहिल्या वर्षी. कोठीतल्या मूर्ती पुसताना."

म्हणजे तू सांगायच्या सोळा वर्षं आधी. बाबांनी त्या दिवशी मेणाचं पातेलं हातात धरून मला विचारलं, "तू सांग, वही बरोबर की हा?" तू माझ्याकडे बघत होतास. मला सगळं आठवतं, दाराचा रंगसुद्धा. मी म्हणाले, "वही बरोबर आहे." कारण बाबा जगाला सांगत होते की शास्त्र पोरीला कळतं. बाबांनी माझं कधी कौतुक केलं असेल तर ते त्या वहीपायी, आणि ते मला सोडवेना. मला वाटलं, चार दिवसांत तुमचं मिटेल. तू पिशवी भरलीस तेव्हाही मी बोलले नाही. सहा वर्षं बोलले नाही, आणि नंतर तुलाच चोर ठरवून पत्रं लिहिली. हे तुला सांगायच्या आधी सात परक्या माणसांना सांगितलं, त्याचीही मला लाज वाटते.

रुमालवाले चहाच्या सुट्टीत निघून गेले, ते परत आले नाहीत. मला महिनाभर घरी बसायला सांगितलंय, पुढचं पुढे. गुरुवारी बाबांचा जबाब घ्यायला येणार आहेत. साहेब म्हणाले की वय बघून सौम्यपणे घेतील. मला त्यांचाही भरवसा नाही. मूर्ती कोठीत गेली, अहवालात कारागिराच्या रकान्यात मी बाबांचं पूर्ण नाव लिहिलं.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. नावाचं सांगितलं तेव्हा ते नुसते "हं" म्हणाले. मग वहीचं सांगितलं. त्यांना आधी कळलंच नाही. मी चित्र काढून दाखवलं, त्यांना माझ्यासमोर उभं केलं, माझा उजवा कान, त्यांचा उजवा कान. ते आपल्याच कानाला हात लावून किती तरी वेळ उभे राहिले.

"पोरगा बरोबर होता," म्हणाले.

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चहा स्वतः करून घेतला, थेंबही सांडला नाही. आज सकाळी माझ्या खोलीच्या दारात आले, आत आले नाहीत. म्हणाले, "त्याला लिही. गुरुवारी माझ्याशेजारी कुणी बसायचं असेल तर त्यानं बसावं. तू नको. बाप बोलावतोय म्हणावं."

मी बोलावते आहे असं मी लिहीत नाही, तो हक्क मला नाही. बाबा बोलावताहेत. तू आलास की मी काकूंकडे जाऊन राहीन.

ताई